घर आपले, अंगण सर्वांचे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सास्तूर व आसपासची गावे जमीनदोस्त केली. पुढे शासनाने नवी गावे वसविली. तेव्हा घराचा आकार जमिनीवरून ठरला: भूमिहीनास २५० चौरस फूट, सात हेक्टरांवर जमीन असणाऱ्यास ७५०! घरे सरळ रांगेत मिळाली, पण जुना शेजार तुटला, भावकी पांगली.

डेन्मार्कमध्ये १९७२ साली सेटेडामेन ही वसाहत वेगळ्या रीतीने उभी राहिली. प्रत्येक कुटुंबाला स्वतःचे घर, स्वतःची चूल. शिवाय सर्वांचे मिळून एक सामायिक घर. तेथे एकत्र जेवण, मुलांचे खेळ, बैठका. राहणारेच नकाशा ठरवायला बसले, हे विशेष. यास सहनिवास म्हणू या.

बंधू-भगिनींनो, आपल्या जिल्ह्यातून जोडपी ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसे व शाळकरी पोरे उरतात. दहा घरांत एक सामायिक खोली व मोठी चूल असेल, तर त्यांना वेळेवर भाकरी मिळेल. सगळ्या गावाने एका चुलीवरचे खाणे सोपे नाही. पाणवठ्याचा इतिहास आपण विसरलेलो नाही. म्हणून सुरुवात आपल्याच वस्तीतून करावी.

घरकुल मंजूर झालेल्यांनी पाया खोदण्यापूर्वी एकत्र बसावे. दारे समोरासमोर, मध्ये अंगण. अनुदान ज्याच्या-त्याच्या घरापुरतेच असते. तेव्हा सामायिक खोलीची वर्गणी, वीजबिल, झाडलोट कोणाकडे, हे आधीच कागदावर घेऊन सह्या कराव्यात. बैठकीस महिलांना जरूर बोलवावे. भूकंपानंतरच्या घरदुरुस्तीत गावोगावच्या महिलाच संवाद सहायक होत्या.