तार कुठे अडते?

इलेक्ट्रिक गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे एक तक्रार हमखास येते: दांडी हलवली की गिटार बेसूर होते. गिऱ्हाईक बोट दाखवतं ते खालच्या चकचकीत ट्रेमोलोकडे. अनुभवी कारागीर आधी तिकडे बघतच नाही. तो गिटार सुरात लावतो, दांडी खालपर्यंत दाबतो, सोडतो आणि एकेक तार ट्यूनरवर तपासतो. तार चढी परतली तर ती बहुतेक नटमध्ये, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या खाचेत, अडकलेली असते. उतरी परतली तर संशय ब्रिजवर.

यामागचं गणित सोपं आहे. दांडी दाबली की तारांचा वाजता भाग सैल पडतो. नटपलीकडचा, खुंट्यांकडचा तुकडा मात्र ताणलेलाच असतो आणि तो तारेला किंचित आपल्याकडे ओढून घेतो. दांडी सुटल्यावर तेवढी तार परत यायला हवी. खाच अरुंद असली की ती येत नाही, आणि वाजता भाग पहिल्यापेक्षा जास्त ताणलेला राहतो. ब्रिजवर नेमकं उलट घडतं. हा सगळा खेळ मिलिमीटरच्या एखाद्या अंशाचा, पण कानाला तो लगेच बोचतो. खुंटी पिळताना नटकडून ‘टिंग’ असा आवाज आला तर निदान तिथंच झालं. उपायही स्वस्त असतो: खाच बारीक कानशीनं तारेच्या जाडीइतकी मोकळी करायची आणि पेन्सिलीचं शिसं घासायचं.

तार सरकणार, हे एकदा मान्य केलं की ट्रेमोलो निवडण्याचा प्रश्न वेगळाच दिसू लागतो. दांडी कोणती छान दिसते हा मुद्दा मागे पडतो. तार ब्रिजवरून सरकू द्यायची, ब्रिजलाच तारेबरोबर हलवायचं, की तार दोन्हीकडे जखडून टाकायची, हे आधी ठरवावं लागतं. या यंत्रणांचा गेल्या नव्वदेक वर्षांचा इतिहास या तीन पर्यायांभोवतीच फिरतो.

सुरुवातीचं नाव डॉक कॉफमन यांचं. हवाईयन गिटारच्या घसरत्या, थरथरत्या सुरांनी अमेरिकेला वेड लावलं होतं तो हा काळ. (आपल्याकडे तो सूर पुढे व्हॅन शिप्ली यांच्या रेकॉर्डींनी घराघरांत पोचवला.) उभी धरून वाजवायच्या गिटारवर तशी थरथर यावी म्हणून कॉफमन यांनी ‘व्हायब्रोला’ काढला. 1930च्या दशकाच्या अखेरीस तर त्यांनी रिकनबॅकरसाठी विजेच्या मोटरवर तारा हलवणारी गिटार केली. ती इतकी जड होती की तिच्यासाठी स्टँड द्यावा लागला. कंट्री संगीतातला मोठा वादक मर्ल ट्रॅव्हिस याच्या गिटारवर कॉफमन यांचा हाताने हलवायचा व्हायब्रोला होता आणि तो काही सुरात टिकेना. ट्रॅव्हिसने ही कुरकुर कॅलिफोर्नियातल्या पॉल बिग्सबी यांच्यापुढे मांडली. बिग्सबी हे मोटारसायकलींच्या कारखान्यात हात तयार झालेले यंत्रकारागीर. जुनी यंत्रणा दुरुस्त करत बसण्यापेक्षा त्यांनी नवीच घडवली: अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव सांगाडा, त्यात फिरणारा आडवा दांडा, दांड्यावरच्या खिळ्यांत अडकवलेल्या तारा आणि हाताच्या दांडीखाली एक जाड, आखूड स्प्रिंग. मूळ कल्पना आजही तीच आहे. 1966मध्ये बिग्सबी यांची कंपनी विकत घेतली ती नुकतंच गिब्सनचं अध्यक्षपद सोडलेल्या टेड मॅकार्टी यांनी.

बिग्सबीचा स्वभाव संथ. अर्धा-एक सूर खालीवर करून कॉर्डवर लाट उठवायची, एवढंच त्याचं काम. डुएन एडीची 1950च्या दशकातली ग्रेच गिटार ऐकली की ते कळतं. ज्याला सूर पार तळाला न्यायचाय त्याने या वाटेला जाऊ नये.

लेस पॉलसारख्या गिटारवर बिग्सबी बसवायचा तर बहुधा ‘बी-7’ निवडतात. नील यंगच्या ‘ओल्ड ब्लॅक’ या 1953च्या लेस पॉलवरही बिग्सबीच आहे. बी-7मध्ये तारा खाली दाबून धरणारी एक आडवी कांडी असते. त्यामुळे ब्रिजवर तारांचा कोन तीव्र होतो, नाद भरीव येतो, पण घर्षणही वाढतं. गिब्सनचा ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज 1954 सालचा, टोकदार सॅडलांचा. त्याच्या खाचांत तार रुतून बसते. इथे कारागिरापुढे दोन वाटा असतात. खाचा रुंद आणि गुळगुळीत करायच्या, किंवा रोलर ब्रिज घालायचा. विहिरीच्या काठावरून दोर ओढण्यात आणि रहाटावरून ओढण्यात जो फरक, तोच इथे. मात्र स्वस्त रोलरमध्ये खुळखुळ असते आणि ती नादात उतरते, म्हणून कित्येक जण आधी कानशीलाच संधी देतात. तेच शहाणपणाचं. गिटार जुनी असेल तर लाकडात नवी भोकं पाडण्याआधी व्हायब्रामेटची पट्टी बघावी. मूळ टेलपीसच्याच भोकांत ती बसते आणि बिग्सबी तिच्यावर चढतो.

बिग्सबीवर तार चढवणं हा संयमाचा कस आहे. तारेच्या टोकाचं गोल कडं खिळ्यात अडकवायचं आणि दुसऱ्या हाताने खुंटी फिरवायची. तेवढ्यात कडं निसटतं. म्हणून तारेचं टोक आधीच पेन्सिलीभोवती वळवून आकड्यासारखं करतात आणि नेकवर कॅपो लावून तार धरून ठेवतात.

लिओ फेंडर यांनी 1954च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये दुसरा पर्याय घेतला. तिथं ब्रिज आणि टेलपीस एकच. दांडी दाबली की सॅडलसकट सगळा ब्रिज कलतो, त्यामुळे ब्रिजवर तार घासण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. किंमत दुसरीकडे मोजावी लागते: एक तार बोटाने ताणली की बाकीच्या पाच उतरतात, कारण सगळ्या मागच्या स्प्रिंगांशी तोललेल्या असतात. ब्रिजची मागची कड साधारण तीन मिलिमीटर उचललेली ठेवावी, असं फेंडरचंच मार्गदर्शन. एरिक क्लॅप्टनला हा तोल नकोच होता, त्याने मागे लाकडाचा ठोकळा घालून ब्रिज गच्च केला. फ्लॉइड रोझ यांच्या 1979च्या पेटंटचा वंश तिसरा पर्याय घेतो. तिथं नटपाशी आणि ब्रिजवर तारा अ‍ॅलन कीने आवळून टाकतात. सरकायला जागाच नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज मात्र जॅझमास्टरच्या वाट्याला आले. 1958मध्ये फेंडर यांनी ती जॅझ वादकांसाठी काढली. त्या वादकांनी तिच्याकडे पाठ फिरवली, कॅलिफोर्नियातल्या सर्फ बँडांनी उचलली. तिच्यात टेलपीस ब्रिजपासून बराच मागे. ब्रिज दोन पायांवर, पायांची टोकं निमुळती, आणि ती धातूच्या खोलगट वाट्यांत टेकलेली. दांडी हलली की ब्रिज पुढेमागे डोलतो आणि तार सॅडलवर न घासता त्याच्यासह जाते. पण ही सारी रचना त्या काळच्या जाड, सपाट गुंडाळणीच्या तारांसाठी होती. आजच्या 9 किंवा 10च्या बारीक तारा लावल्या की ब्रिजवर दाब पुरत नाही. जोरात वाजवलं की तार सॅडलच्या उथळ आट्यांतून उडी मारते.

हे कळलं की उपाय क्रमाने सुचतात. आधी तारा निदान 11च्या. मग नेक सोडवून तिच्या खाचेत बॉडीकडच्या टोकाशी पाचर: अर्ध्या किंवा एका अंशाच्या उताराची पट्टी पुरते. नेक मागे कलते, अ‍ॅक्शन राखायला ब्रिज वर घ्यावा लागतो, टेलपीसकडचा कोन वाढतो, आणि बहुतेक तक्रारी तिथंच मिटतात. तरीही तारा उड्या मारत असतील तर एकाच खोल खाचेची सॅडलं असलेला मस्टँगचा ब्रिज. टेलपीसपुढे ‘बझ स्टॉप’ हा जास्तीचा रोलर बसवण्याचाही प्रघात आहे, पण जे घर्षण लिओ फेंडर यांनी मुद्दाम टाळलं ते त्याने परत येतं. तो शेवटचा उपाय म्हणूनच धरावा. ब्रिजच्या पायांना टेप गुंडाळून डोलणं बंद करणारेही भेटतात. दांडीला हात न लावणाऱ्याला ते चालेल. गिटारवादक केव्हिन शिल्ड्ससारखं दांडी मुठीत धरूनच कॉर्ड छेडणाऱ्याला अजिबात नाही.

मग टेलपीसची बारी. त्यावर एक छोटं सरकतं बटण असतं. तार तुटली की ते सरकवायचं, म्हणजे बाकीच्या तारा चढत नाहीत. सेटिंगची खूणही तेच. गिटार सुरात असताना बटण सूर न बदलता सहज सरकलं पाहिजे. तसं होईपर्यंत मधला स्क्रू थोडाथोडा फिरवायचा, दर वेळी पुन्हा ट्यून करायचं. इंटोनेशन याच्या नंतर: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर जुळवायचे, दाबलेला चढा आला तर सॅडल मागे. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत सॅडलचे हे बारीक स्क्रू गंजून बसतात, तेव्हा जबरदस्ती न करता तेलाचा थेंब टाकून थांबावं.

राहिला ब्रिज आणि टेलपीसमधला तारांचा लांब तुकडा. तोही वाजतो, मूळ सुरामागे एक काचेरी किणकिण ठेवतो. काहींना ती नकोशी होते, ते तिथं फोमची पट्टी खुपसतात. पण सॉनिक यूथच्या थर्स्टन मूर आणि ली रनाल्डो यांनी नेमक्या त्या तुकड्यावर पिक चालवून गाणी उभी केली. फोम कापायला घेण्याआधी गिऱ्हाइकाला काय वाजवायचंय ते विचारलेलं बरं.