होळी झाली म्हणजे थंडी गेली?

होळी पेटली की ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत रजया पेटीत जातात. टोपी बाजारातही उन्हाळ्याच्या टोप्या आणि गमछ्यांची मागणी सुरू होते. चार दिवसांनी ढग येतात, बाडा चौकाकडून धुळीचा लोट उठतो, टपोरे थेंब पडू लागतात आणि दुकानदारांची टांगलेला माल आत घ्यायची धांदल उडते. पाठोपाठ आजी म्हणतात, "थंडी परत आली!"

हवामान होळीचा दिवस पाहून बदलत नाही. ग्वाल्हेरमध्ये मार्चचं कमाल तापमान सरासरी ३३ अंशांच्या आसपास असतं, मेमध्ये ४२ च्या. हा चढ सरळ रेषेत होत नाही, कारण भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ मार्च-एप्रिलमध्येही उत्तर भारतावरून सरकत असतात. विक्षोभ जवळ आला की दक्षिणेकडचं दमट वारं येतं आणि ढगांमुळे रात्र उबदार होते. तो पुढे गेला की वायव्येचं कोरडं वारं सुटतं आणि पहाट पुन्हा गार होते. म्हणून रात्री अचानक उकडलं तर उन्हाळा पक्का झाला असं समजू नका. ती बऱ्याचदा पावसाची चाहूल असते.

गारांबद्दलचा समज मला सर्वांत जास्त खटकतो. गारा पडल्या म्हणजे हवा थंड होती, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर गारेला तापलेली जमीनही लागते. दुपारच्या उन्हाने तापलेली दमट हवा जोरात वर उसळते, वरच्या थरात विक्षोभाने आणलेली थंड हवा असते आणि त्या ओढाताणीत पाण्याचे थेंब गोठत, थरावर थर चढवत मोठे होतात. पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी सुमारे ५ किलोमीटर उंचीवर असते, त्यामुळे बरीच गार वाटेतच वितळते. मार्चमध्ये ती पातळी खाली असते आणि गार तशीच जमिनीवर आदळते. शहरात पत्रे वाजतात, पण डबरा-भितरवारकडे उभा गहू आडवा होतो. २०१४ मध्ये फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत मध्य प्रदेशासह विदर्भ-मराठवाड्यात अशाच गारपिटीने रब्बीची वाट लावली होती.

"फेब्रुवारी तापला, आता उन्हाळा भाजणार" हेही खूप ऐकू येतं. २०२३ चा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या सरासरीत देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला, आणि लगेच मार्चमध्ये अनेक राज्यांत पाऊस आणि गारा पडल्या. उलट २०२२ मध्ये मार्चच विक्रमी तापला आणि दाणे भरायच्या वेळीच गव्हाला झळ बसली. एका महिन्यावरून पुढचा महिना सांगता येत नाही.

मोबाइलवरच्या अंदाजाचंही तसंच. पंधराव्या दिवशी दुपारी चारला पाऊस असं दिसलं, तर त्या भरवशावर लग्नाचा मांडव ठरवू नका. गडगडाटी ढगाचा नेमका अंदाज काही तासांचाच असतो, विक्षोभाची चाहूल मात्र चार-पाच दिवस आधी लागते. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा कल सांगतो. तो कल आहे: आठवडा सरासरीपेक्षा उष्ण की थंड, कोरडा की ओला, एवढंच त्यातून समजतं. इशाऱ्यांचे रंगही नीट वाचा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे लगेच पावलं उचला.

आणि आकडा ३४ दाखवत असताना टोपी बाजारात जास्त का भाजतं? हवामान केंद्राचा तापमापक मोकळ्या जागेत, सावलीच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतो. अरुंद गल्लीतल्या तापलेल्या भिंती आणि पत्रे त्यात मोजले जात नाहीत.

पुढचे काही आठवडे, साधारण एप्रिलच्या मध्यापर्यंत, हा चढउतार राहणार. रजई एखादी बाहेरच असू द्या, कुरडया-पापड गच्चीवर घालण्यापूर्वी दोन दिवसांचा अंदाज बघा, आणि शेतातल्या नातेवाइकांना केशरी इशारा दिसताच कळवा. कापून पडलेला गहू झाकायला त्यांच्या हाती एखादी दुपारच असते.