जुन्या रुपयाचे मोल

सतराव्या शतकात सुरतेच्या बाजारात कोणी दोन रुपये सराफापुढे ठेवले, एक त्या सालचा व दुसरा काही वर्षांपूर्वीचा, तर सराफ जुन्या रुपयाची किंमत कमी धरीत असे. टांकसाळीतून नुकताच निघालेला रुपया 'सिक्का' म्हणून पुऱ्या मोलाने चाले. वर्ष उलटले की, हातोहात फिरून रुपे झिजले असे म्हणून त्यावर कसर कापली जाई. या कसरीचे नाव बट्टा. आपण नावाला बट्टा लागला असे म्हणतो, ते याच सराफकट्ट्यावरून आले असावे असे मानावयास हरकत नाही. आज उलट झाले आहे. रुपया जितका जुना तितका मोलाचा अशी सर्वांची समजूत असते. परंतु ही समजूतही त्या सराफाच्या हिशेबाइतकीच अर्धवट आहे.

जुने नाणे हाती आले म्हणजे प्रथम ते तोलावे. इ. स. १८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. हे प्रमाण राणी व्हिक्टोरियापासून सहाव्या जॉर्जच्या आरंभीच्या वर्षांपर्यंत टिकले. १९४० साली, महायुद्धाच्या काळात, चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ च्या रुपयात तर केवळ निकेल राहिले. म्हणून १९३८ चा व १९४४ चा रुपया दिसावयास भावंडे असली तरी मोडीत त्यांची किंमत सारखी नाही. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने निघणारी ही रक्कम म्हणजे नाण्याचा तळ होय. खऱ्या चांदीचा रुपया याहून खाली कोणी मागू लागला, तर तो उचलून घरी परत आणावा.

या तळाच्या वर किंमत चढते ती दुर्मिळतेमुळे. वयाचा तिच्याशी संबंध थोडाच. १९१८ साली अमेरिकेने सुमारे वीस कोटी औंस चांदी हिंदुस्थानातील नाण्यांसाठी ब्रिटिश सरकारला विकली. त्या काळात पंचम जॉर्जचे रुपये इतके पाडले गेले की शंभर वर्षांनंतरही ते खेड्यापाड्यांतील डब्यांतून निघत असतात. त्यांना चांदीहून फारसे अधिक कोणी देत नाही. उलट १९३९ चा रुपया वयाने लहान, पण तो क्वचितच सापडतो आणि संग्राहक त्यासाठी मोठी रक्कम मोजतात. साहजिकच त्याच्या बनावट प्रतीही निघाल्या आहेत. १९११ च्या रुपयाची कथा आणखी निराळी. राजाच्या अंगरख्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गवगवा झाला आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारावे लागले. त्या एका वर्षाच्या नाण्याला त्यामुळे थोडा अधिक भाव येतो.

आता सुरतेच्या रुपयाकडे वळू. युरोपीय व्यापाऱ्यांनी आणलेली स्पेनच्या रियालांची चांदी येथील मोगल टांकसाळीत वितळून तिचे रुपये होत. जहांगीर, शाहजहान व औरंगजेब या तिघांचेही सुरत टांकसाळीचे रुपये पुष्कळ मिळतात. त्यांवर फारसी लेख असतो. एका बाजूस बादशहाचे नाव व हिजरी साल, दुसरीवर राज्यारोहणापासूनचे वर्ष आणि 'जर्ब सूरत', म्हणजे सुरतेस पाडलेले, हे शब्द. ठसा मोठा व नाणे लहान असल्यामुळे अर्धा लेख बहुधा काठाबाहेर गेलेला असतो. साल आणि टांकसाळ ही दोन्ही स्पष्ट आलेला रुपया त्यामुळे दुसऱ्याहून सरस ठरतो. नूरजहानच्या नावाचे रुपयेही सुरतेस निघाले आणि ते तर पारखी लोक मुद्दाम शोधतात.

फारसी अंक वाचणे फार कठीण नाही. शून्य म्हणजे टिंब, एक म्हणजे उभी रेघ, पाच उलट्या बदामासारखा. मिळालेल्या हिजरी सालास ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळविले की इसवी सन साधारणपणे कळतो. हिजरी ११०० या हिशेबाने १६८९ च्या आसपास येते. मात्र नाण्यावरील सालावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. इंग्रजांनी १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला घेतला आणि १८०० मध्ये शहराचा कारभारही. पुढे त्यांनी शाहआलमच्या नावाचे, त्याच्या कारकिर्दीच्या ४६ व्या वर्षाचे रुपये पाडले. बादशहा १८०६ मध्ये वारला, तरी ४६ हा आकडा तसाच राहिला! त्यांतील कित्येक तर मुंबईच्या टांकसाळीत निघाले. वर नाव मात्र सुरतेचे. लोकांचा विश्वास त्या नावावर होता, हे कंपनीला पक्के ठाऊक होते.

आमच्या मराठी घरांतून एक जुनी सवय आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पूजेतील रुपये चिंचेने वा राखेने घासून लखलखीत करावयाचे. पूजेसाठी ते ठीकच. परंतु ज्या काळसर थराला आपण मळ म्हणतो, तो संग्राहकाला हवा असतो, आणि घासताना अक्षरांच्या कडाही झिजतात. माळेत ओवण्यासाठी ज्याला डाख लावून कडी बसविली, ते नाणेही बाजारात निम्म्याहून उतरते.

यंत्रमागावर काम करणाऱ्या माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी मुलीच्या शिक्षणासाठी आजीच्या डब्यातील नऊ रुपये विकावयाचे ठरविले. मोबाइलवर त्यांना निरोप आला: एकेका नाण्याचे तीन लाख मिळतील, मात्र नोंदणीचे व कराचे पैसे आधी भरा. वर रिझर्व्ह बँकेचे नाव होते. त्यांनी दोन वेळा मिळून अकरा हजार भरले. तिसऱ्यांदा मागणी आली तेव्हा ते माझ्याकडे आले. रिझर्व्ह बँकेने १९२१ साली नव्हे, अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले होते की, जुन्या नोटा व नाणी यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही व ती असे कोणतेही शुल्क घेत नाही. ते अकरा हजार गेले ते गेलेच. नऊ रुपयांपैकी सात साधे निघाले. दोन सुरतेचे, ४६ सालाचे.

याच जातीची दुसरी फसवणूक १८१८ सालाच्या 'ईस्ट इंडिया कंपनी'च्या नाण्यांची. त्यांवर राम किंवा हनुमान असतो आणि ती तांदूळ ओढतात असे सांगितले जाते. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ती देवस्थानांच्या गावी विकली जाणारी टोकने होत.

भाव पाहावयाचा तर विक्रेत्याने मागितलेली किंमत पाहू नये. नाण्यांच्या लिलावांत प्रत्यक्ष मिळालेल्या किमती छापून प्रसिद्ध होतात, त्या पाहाव्या. नाणे ओळखता येत नसेल तर नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे. दोन्ही बाजूंचे स्वच्छ छायाचित्र, वजन आणि व्यास एवढे घेऊन जाणकारापुढे जावे. आणि एकाच दुकानावर न थांबता तिघांना विचारावे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ते परदेशी धाडता येत नाही. जमिनीत सापडलेले धन दहा रुपयांहून अधिक मोलाचे असेल तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे त्याची खबर कलेक्टरला द्यावी लागते.