देहाची साक्ष : सातारा-सांगलीतील न्यायवैद्यकाचा मागोवा

मृत्यूचे कारण, जखमेचे स्वरूप आणि शरीरावर झालेला विषाचा किंवा औषधाचा परिणाम यांविषयी न्यायालयाला वैद्यकीय मत देणारे शास्त्र म्हणजे न्यायवैद्यक. कृष्णाकाठच्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत या शास्त्राचे अध्यापन तुलनेने उशिरा सुरू झाले. मिरजेत १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि कराडला १९८४ मध्ये कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तत्पूर्वी, आणि तालुक्याच्या गावी त्यानंतरही, शवविच्छेदनाचे काम बाह्यरुग्ण विभाग, बाळंतपणे आणि लसीकरण सांभाळणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडेच राहिले. गेल्या सहा दशकांत या भागातील गुन्ह्यांचे आणि अपमृत्यूंचे स्वरूप पालटत गेले, पण तपासाचा पाया मात्र याच अधिकाऱ्याने पहिल्या काही तासांत काय पाहिले, काय लिहिले आणि काय राखून ठेवले यावर उभा राहिला, हे या काळाकडे पाहताना प्रथम ध्यानात घ्यावे लागते.

उपसा सिंचनाने ऊस आणि द्राक्षे वाढली, तशी शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशकेही आली. उसाच्या हुमणीसाठी फोरेट, द्राक्षबागेत नाना तऱ्हेच्या फवारण्या. या साऱ्यांना गावात एकच शब्द, ‘औषध’, आणि आत्महत्येच्या बातमीतही माणूस ‘औषध प्यायला’ असेच म्हटले जाते. यांतील सेंद्रिय फॉस्फरस गटाची द्रव्ये कोलिनएस्टरेज नावाच्या विकराला, म्हणजे मज्जातंतूंचा संदेश पोहोचल्यावर तो संपवणाऱ्या प्रथिनाला, निकामी करतात. त्यामुळे संदेश थांबतच नाही, लाळ व घाम वाहू लागतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, फुप्फुसांत स्राव साचतो आणि अखेरीस श्वसनाचे स्नायू थकून थांबतात. उपचार म्हणून फुप्फुसे कोरडी होईपर्यंत अ‍ॅट्रोपिन द्यावे लागते. पहिल्या धोक्यातून वाचलेला रुग्ण एक ते चार दिवसांनी पुन्हा श्वास घेईनासा होऊ शकतो, ही अवस्था श्रीलंकेतील संशोधकांनी १९८७ साली स्वतंत्रपणे वर्णन केली, आणि अतिदक्षता विभागातील उपचारांचा विचार त्यानंतर बदलला.

न्यायवैद्यकाची अडचण नेमकी या उपचारांतूनच निर्माण होते. रुग्णालयात पोट धुतले गेलेले असते, रुग्ण चार-सहा दिवस जगलेला असतो आणि त्यानंतरच्या शवविच्छेदनात जठर, आतड्याचा भाग, यकृत आणि मूत्रपिंडे मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून रासायनिक विश्लेषणासाठी पाठवली जातात. मृत्यूचे कारण ‘राखून ठेवले’ जाते आणि नातेवाईक व पोलीस ‘सीए रिपोर्ट’ची, म्हणजे या विश्लेषणाच्या अहवालाची, वाट पाहत राहतात. तो अहवाल ‘विष आढळले नाही’ असा आला, तर विष दिलेच गेले नव्हते असा त्याचा अर्थ होत नाही. विष शरीराबाहेर गेले असेल किंवा विघटन पावले असेल. म्हणून दाखल होतानाचे पहिले रक्त आणि पोट धुतल्याचे पहिले पाणी जपून ठेवणे हे पुढच्या साऱ्या विश्लेषणाहून मोलाचे ठरते.

न्यायालयांनी ही मर्यादा फार पूर्वी ओळखली होती. पुण्याच्या डॉ. अनंत लागू यांच्यावरील विषप्रयोगाच्या खटल्यात, १९५६ च्या नोव्हेंबरात आगगाडीच्या प्रवासानंतर मुंबईच्या रुग्णालयात मरण पावलेल्या लक्ष्मीबाई कर्वे यांच्या शरीरात रासायनिक विश्लेषकाला कोणतेही विष सापडले नव्हते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये बहुमताने असे ठरवले की, परिस्थितिजन्य पुरावा पुरेसा भक्कम असेल तर विषप्रयोग सिद्ध होऊ शकतो. वैद्यकीय मत न्यायालयावर बंधनकारक नाही, हे तत्त्वही या निकालात ठळक झाले.

त्यानंतर सुमारे ५७ वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, सातारा जिल्ह्यातील वाई येथे उघडकीस आलेल्या प्रकरणाने तोच प्रश्न अधिक अवघड रूपात पुढे आणला. वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या आरोपीने सक्सिनिलकोलिनचे इंजेक्शन देऊन अनेकांचे खून केले आणि मृतदेह पुरले, असा पोलिसांचा आरोप होता. सक्सिनिलकोलिन हे भूल देताना वापरले जाणारे, स्नायू सैल करणारे औषध आहे. त्याने शुद्ध हरपत नाही, श्वास मात्र बंद पडतो. रक्तातील कोलिनएस्टरेज, म्हणजे कीटकनाशके ज्याच्या जातकुळीच्या विकराला निकामी करतात तोच, या औषधाचे काही मिनिटांत विघटन करतो आणि शेवटी सक्सिनिक आम्ल व कोलिन ही शरीरात मुळातच असणारी द्रव्ये उरतात. अमेरिकेतील फ्लोरिडात १९६७ साली अशाच प्रकारच्या एका खटल्यात तज्ज्ञांनी ऊतींतील या अवशेषांवर भर दिला आणि त्या पद्धतीवर वैज्ञानिकांत दीर्घ वाद झाला. पुरलेला, कुजलेला देह असेल तर हा प्रश्न शतपटीने कठीण होतो. म्हणून अशा तपासात औषधखरेदीच्या नोंदी आणि साक्षीदार यांना प्रयोगशाळेइतकेच महत्त्व येते.

जखमांच्या बाबतीत परिस्थिती वरवर सोपी दिसते, प्रत्यक्षात ती तशी नाही. बांधावरच्या भांडणात कोयता चालला की काठी, यावर कलम आणि शिक्षा ठरते. डोक्याच्या कवटीवर त्वचा ताणलेली असल्यामुळे काठीच्या घावानेही ती सुरीने कापल्यासारखी सरळ फाटते, आणि घाईत पाहणारा डॉक्टर तिला ‘धारदार शस्त्राची जखम’ म्हणून नोंदवून टाकतो. भिंगाखाली पाहिले तर जखमेच्या तळाशी तुटायचे राहिलेले ऊतींचे धागे आणि चिरडलेली केशमुळे दिसतात. कोयत्याच्या जखमेत हे आढळत नाही. गंभीर दुखापतीच्या व्याख्येतील २० दिवसांची अट १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १५ दिवसांवर आली आहे, त्यामुळे जखमीच्या वेदनांचा आणि कामाला मुकण्याचा कालावधी नीट नोंदवण्याची जबाबदारीही वाढली आहे.

पुन्हा विषाकडे वळायचे तर, जून २०२२ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे एकाच कुटुंबातील नऊ जणांचे मृतदेह सापडले तेव्हा आरंभी सामूहिक आत्महत्या मानली गेली. पुढे पोलीस तपासात विष देऊन केलेल्या हत्येचा संशय पुढे आला. मृत्यूचे कारण विष असले तरी त्याची रीत, म्हणजे ते स्वतः घेतले की दुसऱ्याने दिले, शवागारात ठरत नाही, याचा हा दुःखद दाखला आहे.

सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने अनिवार्य केले असून त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांचा अवधी दिला आहे. घटनास्थळाइतकेच लक्ष या अवधीत तालुक्याच्या शवागाराकडे दिले जावे: तेथे प्रशिक्षित अधिकारी, भिंग, शीतपेटी आणि नमुने जपण्याची साधी सोय असावी. ती सोय झाल्याशिवाय कायद्याचे हे कलम या दोन जिल्ह्यांत निम्मेच लागू होईल.