सहावा की सातवा?

'अनिश्चित महत्त्वाचा बदल.' मावसबहिणीच्या जीन टेस्टच्या रिपोर्टचा मथितार्थ एवढाच. लंच ब्रेकमध्ये तिने तो माझ्यापुढे सरकवला आणि आमचे डबे तसेच राहिले. मावशीला कॅन्सर झाला म्हणून केलेली टेस्ट. बीआरसीए-१ या जनुकात एक अक्षर बदललंय, पण ते घातक आहे का, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "नुसत्या या रिपोर्टवर ऑपरेशनचा निर्णय घ्यायचा नसतो."

मी पत्रकार. गप्प बसवेना, म्हणून शोधायला लागले.

प्रथिन म्हणजे घडी घातलेली मण्यांची माळ. बीआरसीए-१च्या माळेत १८६३ मणी. त्यातला ६१वा मणी जस्ताचा अणू धरून ठेवायला मदत करतो. तो बदलला की पकड सुटते, म्हणून तो बदल घातक. थोडक्यात, बदल घडीत नेमका कुठे बसतो, यावर बरंच अवलंबून!

बदलांची यादी 'क्लिनव्हार'मध्ये आहे. आकार 'प्रोटीन डेटा बँके'त. १९७१मध्ये तिथे फक्त ७ होते, आज २ लाखांहून जास्त. मग जोडा दोन्ही टेबलं, एक्सेलसारखी?

इथेच गोची आहे. आपल्या गडचिरोली-नंदुरबारला छळणारा सिकलसेल घ्या. त्यातला बिघडलेला मणी जुन्या मोजणीत सहावा, नव्या नियमाने सातवा! कारण माळेचा पहिला मणी पेशी काढून टाकते; जुने शास्त्रज्ञ तो मोजत नसत, आता मोजतात. एका आकड्याची चूक आणि भलत्याच मण्यावर आळ. इंग्लंडमधल्या ईएमबीएल-ईबीआय या संस्थेचा 'सिफ्ट्स' प्रकल्प हेच काम करतो: मण्याला मणी लावून आकडे जुळवायचे. कंटाळवाणं वाटतं ना? कुणाचा तरी रिपोर्ट त्यावर उभा असतो.

२०२२पासून 'अल्फाफोल्ड'ने २० कोटींहून जास्त आकारांचे अंदाज खुले केलेत. मी आशेने बघितलं. बहिणीचा बदल मधल्या भागात निघाला. तिथे माळ सैलच असते, पक्की घडीच नाही. आकाराकडून उत्तर नाही.

पण असे रिपोर्ट कायमचे नसतात; नवी माहिती जमली की शेरा बदलू शकतो. दर वर्षी विचारायला या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तिने मोबाइलमध्ये रिमाइंडर लावलाय. मीही.