माडीवर लाकूड, खाली शहाबादी: 'वुडन फ्लोअरिंग'बद्दलचे काही गैरसमज

धाराशिवात काय, तुळजापूर-उमरग्यात काय, नवं घर बांधणाऱ्याला हल्ली निदान एका खोलीत तरी 'वुडन' हवं असतं. हॉलला व्हिट्रिफाइड, जिन्याला ग्रॅनाइट आणि वरच्या बेडरूमला वुडन, असा साधारण बेत ठरतो. मग प्रश्न येतो: खरं लाकूड घ्यायचं की लॅमिनेट? दुकानदार एक सांगतो, सुतार दुसरं, आणि पुण्याला फ्लॅट घेतलेला मेहुणा तिसरंच. या सल्ल्यांतला बराचसा भाग थंड देशांतल्या घरांसाठी तयार झालेला आहे. काळी माती, मे महिन्यातलं ऊन आणि खिडकीत बसवलेला कूलर यांचा त्यात विचार नसतो. खरं तर आपल्या जिल्ह्यात फळी कोणती घ्यायची हे फळीपेक्षा तिच्या खाली काय आहे यावरच जास्त ठरतं.

'वुडन म्हणजे लाकूडच की'

नाही. दुकानात 'वुडन' म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा लॅमिनेट असतं. त्याचा तुकडा मागून घ्या आणि कापलेली कड उजेडात धरा. मधला तपकिरी थर दिसेल तो एचडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा-तंतू राळेत कालवून दाबलेला बोर्ड. त्यावर लाकडाच्या रेषांचं छापील चित्र असलेला कागद आणि त्याच्यावर मेलामाइन राळेचा पारदर्शक थर, ज्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण मिसळलेले असतात. तळाला आणखी एक कागद. आपण चालतो तो या चित्रावरच्या काचेसारख्या पापुद्र्यावर. स्वीडनच्या पेरस्टॉर्प कंपनीने १९७७ मध्ये ही कल्पना काढली आणि १९८४ मध्ये 'पेर्गो' नावाने माल बाजारात आणला. गोंद न लावता खटका बसवून जोडायच्या फळ्या त्यानंतर, १९९६ च्या सुमारास आल्या.

खरं लाकूड आणि लॅमिनेट यांच्या मधे इंजिनिअर्ड वुड नावाचा प्रकार आहे. वर दोन ते सहा मिलिमीटर खरं लाकूड आणि खाली प्लायवूड. त्याच्या कडेला वरचा थर लाकडाचा दिसतो आणि पृष्ठभागावरच्या रेषा कडेतही उतरलेल्या असतात. लॅमिनेटमध्ये त्या कडेला येऊन थांबतात. ओळखायला एवढं पुरे.

'हार्डवुड म्हटलं की कठीणच'

वनस्पतिशास्त्रात रुंद पानांच्या झाडाचं लाकूड ते हार्डवुड आणि सूचिपर्णी झाडाचं ते सॉफ्टवुड. या हिशेबाने आपला पांगारा आणि सावरही हार्डवुडच, आणि सावरीचं लाकूड इतकं हलकं की त्याच्या आगकाड्या होतात. उलट बांधावरची बाभूळ सागवानापेक्षा कठीण. बैलगाडीला आणि औताला ती उगाच वापरत नव्हते. तेव्हा बिलावर नुसतं 'हार्डवुड' लिहून चालत नाही, झाडाचं नाव लिहून घ्यावं. सागवान जमिनीला चांगलं ठरतं ते कठीण म्हणून नव्हे. ते ओल्या-सुक्या हवेत कमी हलतं, आणि त्याच्या गाभ्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे वाळवी त्याच्या फारशी वाटेला जात नाही. 'गाभ्यातल्या' हा शब्द महत्त्वाचा. सालीलगतचा पांढुरका भाग वाळवी आणि भुंगा दोघंही आनंदाने खातात.

'आपल्याकडे पाऊसच कमी, ओलीचा प्रश्न येतो कुठे?'

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. जमिनीचं नुकसान पावसाने थेट फार होत नाही; ते खालून चढणाऱ्या ओलीने आणि हवेच्या टोकाच्या बदलांनी होतं.

आधी खालचं बघू. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात पाणी धरून ठेवणारी चिकणमाती असते. अशा जमिनीवर जोत्यात नीट मुरूम न भरता, धुमस न मारता कोबा केला तर दोन गोष्टी होतात. कोबा कुठे उचलतो, कुठे बसतो. आणि पावसाळाभर मातीतली ओल हळूहळू वर येत राहते. शहाबादीला ती ओल फारशी बाधत नाही, सांध्यांतून सुकून जाते. त्याच कोब्यावर लॅमिनेट अंथरलं की सुकायची वाट बंद होते. ओल फळीच्या पोटाशी कोंडते, आणि दसऱ्यापर्यंत सांधे वर आलेले दिसतात. तेव्हा दोष मालाला दिला जातो. पण माल बिचारा ओल्या पोत्यावर बसवलेला असतो.

तपासणी सोपी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. मीटरभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दोन-तीन दिवसांनी उचलायचा. खाली दवासारखे थेंब दिसले किंवा कोबा काळसर पडला असेल, तर ती खोली लाकडाची नाही. ही तपासणी पावसाळ्यात करावी. एप्रिलमध्ये जिल्ह्यातली कोणतीही जमीन पास होईल. नव्या स्लॅबचंही तेच. काँक्रीट सुकायला इंचाला साधारण महिना, असा ढोबळ हिशेब धरतात. वास्तुशांतीची तारीख ठरली म्हणून ओल्या कोब्यावर फळ्या अंथरणारे मिस्त्री कमी नाहीत, आणि त्यांना घाई करणारे घरमालक तर त्याहून जास्त.

आता हवेचं. मे महिन्याच्या दुपारी आपली हवा कडकडीत कोरडी असते, ऑगस्टमध्ये दमट. लाकूड त्याप्रमाणे आखडतं आणि फुगतं, तेही रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. फळीतली आर्द्रता सहा टक्क्यांवरून बारा टक्क्यांवर गेली तर १०० मिलिमीटर रुंद सागवानी फळी अर्धा ते एक मिलिमीटर वाढते. एका फळीचं काही वाटत नाही, पण खोलीभर फळ्यांची बेरीज करा. म्हणून भिंतीलगत आठ-दहा मिलिमीटर जागा मोकळी सोडून ती स्कर्टिंगखाली झाकतात. लॅमिनेटलाही ही फट हवीच. 'फट दिसते, सिमेंट भरून टाक' असं सांगितलं की पुढच्या पावसाळ्यात खोलीच्या मधोमध टेंगूळ आलंच. फळ्यांची खोकी बसवण्याआधी निदान दोन दिवस त्याच खोलीत पडू द्यावीत, तेवढ्यात त्या तिथल्या हवेला रुळतात.

'वॉटरप्रूफ लॅमिनेट आलंय, धुतलं तरी चालतं'

पाणी वरून सांडलं आणि वेळेत पुसलं तर काही होत नाही, इतकाच त्याचा अर्थ. सांध्यातून किंवा कडेने पाणी एचडीएफपर्यंत पोचलं की तो बोर्ड फुगतो आणि सुकल्यावरही पूर्ववत होत नाही. आपल्या घरांत त्याचा खरा वैरी कूलर. टाकी भरताना पाइप निसटतो, तळाच्या गंजलेल्या भोकातून रात्रभर ठिबकतं, आणि सकाळी कूलर सरकवून कोणी बघत नाही. कूलरखालच्या दोन-तीन फळ्यांच्या कडा आधी उंचावतात, मग त्यांच्यावरचा छापील कागद सोलपटतो. खरं लाकूड अशा ठिकाणी काळं पडतं, वाकतं. पण सुकवून, रंधा मारून ते बरंचसं सावरता येतं.

स्वयंपाकघर, न्हाणीघराच्या तोंडाशी आणि देवघरात दोन्ही नकोत. तिथे लाकडाचं रूप हवंच असेल तर एसपीसी म्हणून मिळणाऱ्या दगडी भुकटी-प्लास्टिकच्या फळ्या किंवा लाकडासारखी दिसणारी टाइल घ्यावी. आणि बादलीभर फिनाइलच्या पाण्याने फरशी पुसायची सवय या जमिनीला चालणार नाही. पिळून घट्ट केलेलं फडकं पुरतं. टंचाईच्या वर्षी तर ते सोयीचंच.

'लॅमिनेटला वाळवी लागत नाही'

वरचा थर वाळवी खात नाही, पण मधला बोर्ड लाकडाचाच. जोत्याच्या भेगेतून मातीच्या नळ्या चढल्या की वाळवी खालून पोखरते आणि वरून सगळं छान दिसत राहतं. पाय दबला की मग कळतं. म्हणून औषध फवारायचं ते जोतं भरतानाच, फळ्या बसवल्यावर नव्हे.

'लाकडाने खोली थंड राहते'

लाकडाने खोली थंड होत नाही, गरमही होत नाही. पायाला काय जाणवतं एवढाच फरक. शहाबादीसारखा चुनखडीचा दगड लाकडाच्या साधारण दहापट वेगाने उष्णता वाहून नेतो. तळमजल्यावर त्याच्या खालची जमीन हवेपेक्षा थंड असते, म्हणून मे महिन्यात दुपारी उघड्या फरशीवर अंग टाकलं की बरं वाटतं. शहाबाद आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात; ती फरशी इथे घरोघरी पोचली त्यात जवळच्या खाणींचा वाटा आहेच, पण हवाही तशीच आहे. युरोपातल्या माणसाला नेमकं उलट हवं असतं. थंडीत दगडावर पाय ठेवला की ऊब ओढली जाते, म्हणून तो लाकूड मागतो. तळमजल्याची शहाबादी उखडून लॅमिनेट टाकणं हा मला तरी पैसे देऊन उकाडा विकत घेण्याचा प्रकार वाटतो. वरच्या मजल्यावर मात्र हा हिशेब बदलतो. तिथे फरशीखाली जमीन नसून खोली असते, उन्हाळ्यात स्लॅबही तापलेला असतो, दगडाचा गारवा तसाही मिळत नाही. शिवाय ओलही खालून चढत नाही. लाकडाला जागा आहे ती माडीवर.

'लाकूड आपल्याकडे टिकत नाही'

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट आहे. शतकानुशतकं ती टिकली. मातीला न टेकलेलं आणि पावसापासून झाकलेलं लाकूड इथल्या कोरड्या हवेत फार काळ राहतं.

लोहारा-उमरगा पट्ट्यात लाकडाबद्दल वेगळी धास्ती आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात माळवदाची घरं माणसांवर कोसळली. पण जीव घेतले ते मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि छतावरच्या मातीच्या जड थराने. भिंती ढासळल्या तरी आतले लाकडी खण अनेक ठिकाणी उभे राहिले होते.

वाडे उतरवले जातात तेव्हा निघणाऱ्या त्याच तुळया आणि खांब म्हणजे जिल्ह्यात मिळू शकणारं सगळ्यांत भरवशाचं सागवान. महाराष्ट्रात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत आपण मोडतो, त्यामुळे नवं सागवान बल्लारशाकडून किंवा परदेशातून येतं, आणि ते नीट वाळवलेलं असेलच असं नाही. जुनी तुळई कैक उन्हाळे पाहून बसलेली असते. चिरताना खिळे करवतीत अडकतात, भोकं बुजवावी लागतात, एवढाच त्रास. हिशेब असा: बारा बाय बाराची खोली म्हणजे १४४ चौरस फूट. इंचाची फळी चिरून रंधा मारून घ्यायची तर नेमकं १२ घनफूट लाकूड लागतं, नासधूस धरून १४ तरी. घरात पडून असलेल्या तुळया मोजून बघा. एका खोलीपुरतं लाकूड निघतं का ते कळेल. नवं विकत घ्यायचं तर मात्र खर्च लॅमिनेटच्या कितीतरी पट जातो.

'खरं लाकूड म्हणजे चरे पडायची भीती नाही'

चरे लॅमिनेटवर कमी पडतात. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर सागवानापेक्षा कितीतरी कठीण असतो. फरक नंतर दिसतो. लाकूड घासून पुन्हा पॉलिश होतं, पाऊण इंची फळी तर अनेकदा. लॅमिनेटचा वरचा थर झिजला की खालचं चित्र गेलं आणि फळीच बदलावी लागते. खोक्यावर एसी ३, एसी ४ असं लिहिलेलं असतं. त्याचा हवा थंड करणाऱ्या एसीशी संबंध नाही, तो झिजेला टिकण्याचा दर्जा आहे. घरातल्या वावराला एसी ३ चालतं, एसी ४ असेल तर उत्तम. 'बारा एमएम आहे, दणकट आहे' यावर भुलू नये. जाडी आणि झीज या वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच खोक्यावर ई१ किंवा त्याहून चांगला शेरा आहे का तेही पाहावं, तो राळेतून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइडच्या प्रमाणाबद्दल असतो.

आणि गरजेपेक्षा एक खोकं जास्त घेऊन माळ्यावर ठेवावं. लॅमिनेटचे रंग दर काही वर्षांनी बदलतात, आणि कूलरखालची फळी बदलायची वेळ येते तेव्हा तो रंग बंद झालेला असतो.