पावसाळ्यात गॅस सेन्सर का भंजाळतो?

मार्चमध्ये मस्त चाललेलं तुमचं गॅस अलार्मचं प्रोजेक्ट जुलैत पुन्हा सुरू करून बघा. ऑर्डुइनो तोच, कोड तोच, एमक्यू-१३५ सेन्सरही तोच. खोलीत धूर नाही, गॅस नाही, तरी आकडा चढलेला! वायरिंग उसकटायच्या आधी जरा थांबा. बहुतेक वेळा दोष हवेतल्या दमटपणाचा असतो.

सेन्सरच्या जाळीखाली टिन ऑक्साइडचा थर असतो आणि आत एक चिमुकला हीटर. तापलेल्या थरावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि थरातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, म्हणून रेझिस्टन्स जास्त. एलपीजी आला की तो या ऑक्सिजनशी रिअ‍ॅक्ट होतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, रेझिस्टन्स घसरतो. जपानच्या नाओयोशी तागुचींनी १९६२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो याच युक्तीसाठी.

पाण्याची वाफ इथे दोन खोड्या काढते. ती थरावर हायड्रॉक्सिल होऊन बसते, तेव्हाही इलेक्ट्रॉन सुटतात. म्हणजे गॅस नसताना बोंब. ही नुसती त्रासदायक. दुसरी मात्र धोक्याची. ऑक्सिजनच्या जागाच अडल्यामुळे खरा गॅस आला तरी सेन्सर नीट दाद देत नाही. अशा वेळी खोट्या अलार्मला वैतागून तुम्ही अलार्मची पातळी वर सरकवलीत, तर आधीच कमी ऐकू येणाऱ्याच्या कानात बोळे घातल्यासारखं होईल.

मग करायचं काय? शेजारी डीएचटी-२२ लावून तापमान आणि आर्द्रता मोजा. एमक्यू-१३५च्या डेटाशीटमध्ये ३३ आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या दोन रेषांचा आलेख असतो (तो कुणी उघडून बघतच नाही!), त्यावरून कोडमध्ये दुरुस्ती करा. सेन्सर आधी २४ तास तापवा, असंही तिथेच लिहिलेलं असतं.

मूळ थरच सुधारायचे प्रयत्नही चालू आहेत. कोरिया युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये इंडियम ऑक्साइडवर सिरियम ऑक्साइडचे नॅनोकण बसवले. ते हायड्रॉक्सिल उचलून नेतात आणि थर पुन्हा ऑक्सिजनसाठी मोकळा होतो.

प्रदर्शनाआधी आठवडाभर दोन्ही सेन्सरचे आकडे नोंदवून एकाच ग्राफवर टाका. परीक्षक नक्की थांबतील. घरच्या किचनसाठी मात्र प्रमाणित गॅस डिटेक्टरच घ्या, प्रोजेक्टवर विसंबू नका.